जुन्या ट्रस्टचं दप्तर लावताना: सोलापुरातल्या स्वयंसेवकांसाठी

सोलापुरात पेठापेठांतून जुन्या धर्मादाय संस्था आहेत. कुणाचं वसतिगृह, कुणाचं वाचनालय, कुणाचा दवाखाना, विडी कामगार बायकांच्या मुलांसाठीची बालवाडी, गरजू विद्यार्थ्यांचा शिष्यवृत्ती निधी. कार्यालय बहुतेक ठिकाणी एका खोलीचं असतं. दोन-चार लोखंडी कपाटं, माळ्यावर पोती, जिन्याखाली ट्रंका, सगळं जुन्या कागदांनी भरलेलं. मग एखाद्या सभेत ठरतं की दप्तर एकदा लावून घेऊ. रविवारी पाच-सहा जण जमतात, सगळं बाहेर काढतात, हॉलभर विषयवार ढीग घालतात आणि संध्याकाळी रद्दीवाल्याला फोन जातो.

संस्थेचं सर्वांत मोठं नुकसान त्याच दिवशी होतं, म्हणून क्रम आधीच पक्का करून घ्या. पहिल्यांदा यादी करायची, ती पूर्ण झाल्यावर हलवाहलव आणि नष्ट करणं सर्वांत शेवटी, तेही कार्यकारी मंडळाच्या ठरावाने.

ठराव आणि हंगाम

स्वयंसेवक कपाटाला हात लावण्याआधी संस्थेच्या मंडळाने लेखी ठराव करावा. त्यात चार गोष्टी हव्यात: काम करणाऱ्यांची नावं, कामाची जागा आणि मुदत, एकही कागद इमारतीबाहेर जाणार नाही ही अट, आणि दुसरा स्वतंत्र ठराव होईपर्यंत काहीही नष्ट करायचं नाही हे स्पष्ट वाक्य. फोनवर फोटो कोण काढू शकतो, हेही लिहून ठेवा. संस्थेत दोन गट असतील तर हा ठराव फारच महत्त्वाचा, कारण पुढे एखादा कागद सापडला नाही की बोट स्वयंसेवकांकडेच जातं.

दिवाळीनंतर सुरू करा आणि होळीच्या आत संपवा. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेचा रविवार मोकळा धरा, कुणी येणार नाही. मार्चअखेरीस संस्थेचा हिशेबनीस तुमच्यासाठी उपलब्ध नसतो. एप्रिल-मेच्या उन्हात पत्र्याखालच्या खोलीत बसणं माणसाला झेपत नाही, आणि पंखा लावावा तर सुटे कागद उडतात. पावसाळ्यात दमट गठ्ठे उघडून पसरू नयेत.

कपाट आहे तसं टिपून घ्या

पहिल्या दिवशी एकही कागद हलवायचा नाही. मोजपट्टी, वही आणि एक फोन एवढंच न्या. प्रत्येक कपाटाला अक्षर द्या (क, ख, ग), प्रत्येक फळीला वरून खाली क्रमांक द्या आणि फळीचा समोरून फोटो घ्या. माळा, ट्रंक, पोतं यांनाही स्वतंत्र अक्षर. मग प्रत्येक फळीवर कागदांची जाडी किती सेंटीमीटर भरते ते मोजा.

या मोजमापावर पुढचा सगळा हिशेब बसतो. नेहमीचे ५०० कागद साधारण ५ सेंमी जाडीचे आणि अडीच किलोचे असतात. म्हणजे एका मीटरमध्ये सुमारे १०,००० कागद आणि ५० किलो वजन. तुमच्या संस्थेचं दप्तर १० मीटर भरलं तर ते अर्धा टन आहे. जुन्या लाकडी माळ्यावर किंवा पातळ पत्र्याच्या रॅकवर ते परत चढवायचं की नाही, हे तेव्हाच ठरवा.

वेळेचा अंदाजही इथूनच निघतो. दोघांची जोडी तीन तासांत साधारण अर्धा मीटर दप्तराची नीट यादी करते. तीन जोड्या असतील तर रविवारी दीड मीटर. म्हणजे १० मीटरच्या यादीलाच सात रविवार लागतात. मोजणी, झाडलोट, बांधणी आणि लेबलं धरून चौदा रविवार धरा. मंडळाला "दोन रविवारांत उरकतो" असं सांगू नका.

सामान

१० मीटरसाठी लागणारं सामान असं: ३८ × २६ × १२ सेंमीचे जाड पुठ्ठ्याचे सुमारे ९० खोके, आम्लरहित (अ‍ॅसिड-फ्री) कागदाची ५०० ते ६०० फोल्डर, १२ मिमी रुंदीची पांढरी सुती नाडी ३०० मीटर, २बी पेन्सिली दोन डझन, रंगाऱ्याकडचे ५ सेंमीचे मऊ ब्रश सहा, एन-९५ मास्क ६०, बोथट टोकाचे, स्टेपल काढायचे चिमटे तीन. बॉलपेन आणि शाईपेन टेबलावर ठेवूच नका. आम्लरहित फोल्डर महाग पडत असतील तर ती कायमस्वरूपी कागदांपुरतीच घ्या, बाकीच्यांना साधी चालतील.

बांधायला मांजरपाट लागतो. जुन्या दप्तरखान्यांत कागद कापडी रुमालात बांधत, ती पद्धत आजही तितकीच चांगली आहे. सोलापुरात कापडाला तोटा नाही. पण कोरं कापड तसंच वापरू नका. त्यात खळ असते आणि खळीवर कसर येते. दोनदा गरम पाण्यात धुऊन, कडकडीत वाळवून, इस्त्री न करता वापरा. रंगीत कापड टाळा, ओल लागली की रंग कागदावर उतरतो.

हातमोजे प्रत्येक वेळी लागत नाहीत. सुती मोज्यांनी पान उलटताना बोटाला अंदाज येत नाही आणि कडा फाटते. स्वच्छ धुतलेले, कोरडे हात उत्तम. उंदराची घाण, बुरशी किंवा कीटकनाशकाची पावडर दिसली तरच नायट्राईल मोजे घाला. फोटो आणि निगेटिव्ह यांना मात्र बोटांचा तेलकटपणा चालत नाही.

धूळ, वाळवी, ओल

गठ्ठा उघडण्याआधी बाहेरून ब्रशने झाडा, मधून कडेकडे आणि आपल्यापासून लांब. ओलं फडकं कधीही लावू नका. जुन्या पावत्या जांभळ्या कॉपिंग पेन्सिलीने लिहिलेल्या असतात. पाण्याचा थेंब पडला की अख्खी ओळ जांभळी होऊन पसरते आणि मग ती वाचता येत नाही. रबरी शिक्क्यांची शाईही तशीच.

भिंतीवर किंवा कपाटाच्या मागे मातीची बारीक नळी दिसली तर ती वाळवी आहे. डांबराच्या गोळ्यांनी ती जात नाही. कागद आधी बाहेर काढा, मग भिंत-जमिनीवर वाळवीचं काम करणाऱ्याकडून इलाज करून घ्या. औषध थेट कागदावर फवारू देऊ नका. जिवंत कसर किंवा बारीक किडे असलेले गठ्ठे घट्ट बंद पॉलिथिनमध्ये घालून उणे १८ अंशांच्या डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवले की किडे मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस उघडायची नाही, नाहीतर थंड कागदावर दव धरतं. फोटो आणि काचेच्या निगेटिव्ह यात घालू नका.

ओले कागद सापडले तर बाकीचं काम थांबवा. ४८ तासांत बुरशी धरते. सावलीत, हवा खेळती ठेवून, मधे कोरा शोषक कागद घालून सुकवा. सोलापूरचं ऊन तयारच असतं म्हणून गच्चीवर पसरण्याचा मोह होतो, पण उन्हात कागद ठिसूळ होतो आणि शाई उडते.

गंजलेल्या टाचण्या आणि स्टेपल काढताना ओढू नका, खालची टोकं आधी उघडा. रबरबँड चिकटून बसला असेल तर कोरडा होऊन आपोआप तुटेल तेवढाच काढा. सेलोटेप लावू नका आणि लॅमिनेशन तर नकोच. खरेदीखताला लॅमिनेशन करून आणलेली उदाहरणं सगळीकडे दिसतात. ते मूळ कागदाला इजा न करता परत काढता येत नाही, आणि शिक्का-सही तपासायची वेळ आली की अडचण होते.

यादी

फाईल आहे त्याच जागी, आहे त्याच क्रमात नोंदवायची. जोडीतला एक वाचतो, दुसरा लिहितो. रकाने हे: अनुक्रमांक, जागा, बाहेर लिहिलेलं शीर्षक जसंच्या तसं, आत प्रत्यक्षात काय आहे, सर्वांत जुनी आणि सर्वांत नवी तारीख, जाडी, भाषा व लिपी, अवस्था, गोपनीय आहे का, नोंदवणाऱ्याची आद्याक्षरं. एक नोंद अशी दिसेल:

क/३/१४. शीर्षक: "इमारत". आत: वसतिगृहाच्या नव्या खोल्यांचा नगरपालिकेशी पत्रव्यवहार, ठेकेदाराची बिलं, देणगीदारांची सात पत्रं. १२-४-१९५८ ते ३-९-१९६३. ४ सेंमी. मराठी, इंग्रजी, दोन पत्रं मोडी. कडा कुरतडलेल्या. गोपनीय नाही.

शीर्षक आणि आतला मजकूर हे दोन वेगळे रकाने आहेत, कारण ते जुळत नाहीत. "किरकोळ" लिहिलेल्या फाईलमध्येच जागेचं बक्षीसपत्र सापडतं.

आता वर दिलेल्या फाईलचं काय करायचं? उत्साही स्वयंसेवक देणगीदारांची पत्रं "पत्रव्यवहार" ढिगात, बिलं "व्हाउचर" ढिगात आणि नगरपालिकेची पत्रं "महापालिका" ढिगात टाकतो. टेबल नीटनेटकं दिसतं. पण कोणती देणगी कोणत्या खोलीसाठी, कोणत्या अटीवर आली होती, हे फक्त त्या कागदांच्या शेजारपणातून कळत होतं. अटीवर दिलेली देणगी दुसरीकडे खर्च झाली का, असा प्रश्न उद्या आला तर उत्तर देणारा दुवा तुम्हीच तोडलेला असतो. म्हणून फाईल फोडायची नाही. विषयवार शोधायचं असेल तर संगणकातल्या यादीत शोधा, कागद आपल्या जागीच राहू द्या.

स्वयंसेवकांत निवृत्त सरकारी कर्मचारी असले की सहा गठ्ठा पद्धत (सरकारी कार्यालयात टेबलावरचे कागद सहा प्रकारच्या गठ्ठ्यांत लावण्याची पद्धत) सुचवली जाते. चालू कार्यालयाच्या टेबलासाठी ती फार चांगली आहे आणि संस्थेने आजच्या कामाला ती जरूर लावावी. पण साठ वर्षांचं साठलेलं दप्तर तिच्यात बसवायला गेलं की मूळ क्रम मोडतो, आणि सहाव्या, म्हणजे नष्ट करायच्या गठ्ठ्यात भलतेच कागद जाऊन पडतात.

निरुपयोगी वाटणारे कागद

सार्वजनिक न्यासांचा कायदा १९५० चा. नोंदणीनंतर संस्थेची माहिती धर्मादाय कार्यालयाच्या परिशिष्ट १ मध्ये, म्हणजे न्यासांच्या नोंदवहीत चढते. विश्वस्त बदलला, वारला, राजीनामा दिला, मिळकतीत फरक पडला, तर कलम २२ खाली ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. जुन्या संस्थांत हे अर्ज वर्षानुवर्षं दिलेले नसतात. परिशिष्टावर हयात नसलेल्या विश्वस्तांची नावं तशीच राहतात. मग बँकेत सह्या बदलायच्या असोत किंवा कलम ३६ खाली जागा विकण्याची परवानगी मागायची असो, काम तिथेच अडतं.

राहिलेले बदल अर्ज द्यायला काय लागतं ते पाहिलं की कोणता कागद जपायचा ते कळतं. सभेची नोटीस, ती पाठवल्याचा पुरावा, हजेरीच्या सह्या, इतिवृत्त, राजीनामा किंवा मृत्यूचा दाखला, नव्या विश्वस्ताचं संमतिपत्र. प्रोसिडिंग बुक (इतिवृत्ताची वही) सगळेच जपतात. नोटिसांच्या सायक्लोस्टाईल प्रती, जावक बारनिशी (बाहेर गेलेल्या टपालाची नोंदवही) आणि टपालाच्या पावत्या मात्र "पसारा" म्हणून पहिल्या फेकल्या जातात. पूर्वी नोटिसा अंडर पोस्टल सर्टिफिकेटने जात. शिक्का मारलेली ती मळकी चिठ्ठी हाच सभासदाला नोटीस पाठवल्याचा एकमेव पुरावा असू शकतो. आवक-जावक बारनिशी, मग ती कितीही कंटाळवाणी वाटो, एक पानही न गाळता ठेवा.

संस्थेची शाळा किंवा वसतिगृह असेल तर जनरल रजिस्टर (विद्यार्थ्यांची मुख्य नोंदवही) आणि प्रवेश नोंदवह्या कायमच्या. यात संस्थेपेक्षा लोकांचा हक्क मोठा आहे. जात पडताळणीला अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांपूर्वीचे पुरावे लागतात. आजोबांचं नाव असलेली वसतिगृहाची एक जुनी ओळ एखाद्या नातवाच्या प्रवेशाला उपयोगी पडते. या वह्या यादीत ठळक नोंदवा आणि स्कॅनिंगमध्ये पहिल्या घ्या.

मिळकतीचे कागद (खरेदीखत, बक्षीसपत्र, मृत्युपत्र, भाडेपट्टा, सातबारा, सिटी सर्व्हेचा उतारा, मंजूर नकाशे) मूळ फाईलमधून काढून सेफमध्ये ठेवावे लागतात. क्रम न मोडण्याच्या नियमाला हा अपवाद आहे. पण काढलेल्या जागी पुठ्ठ्याचा तुकडा ठेवून त्यावर कागदाचं नाव, तारीख आणि नवी जागा पेन्सिलीने लिहा.

तारीख नाही, लिपी वाचता येत नाही

बिनतारखेच्या कागदाला अंदाजे काळ देता येतो. आणे-पैची रक्कम बहुधा १ एप्रिल १९५७ पूर्वीची, "नये पैसे" त्यानंतरच्या काही वर्षांतले. "मुंबई राज्य" छापलेलं असेल तर १ मे १९६० च्या आधीचं. "सोलापूर नगरपालिका" असेल तर १ मे १९६४ पूर्वीचं, कारण त्या दिवशी महानगरपालिका झाली. लेटरहेडवर पिनकोड असेल तर कागद १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा. लोक जुनी छापील लेटरहेड पुढे वर्षानुवर्षं वापरत, म्हणून अंदाजाची तारीख चौकटी कंसात लिहा आणि आधार नोंदवा. कीर्द-खतावणीत शके असेल तर ७८ मिळवा, व्यापाऱ्यांच्या वह्यांत संवत असेल तर ५७ वजा करा. वर्षाच्या टोकाच्या महिन्यांत एकाचा फरक पडतो.

सोलापूरच्या दप्तरात मराठी आणि इंग्रजीबरोबर तेलुगू, कन्नड, उर्दू आणि मोडी हमखास निघतं. वाचता न आलेला गठ्ठा "इतर" म्हणून बाजूला टाकू नका. लिपीचं नाव लिहा, पानं मोजा, पहिल्या-शेवटच्या पानाचा फोटो यादीला जोडा. शहराच्या पूर्व भागातले ज्येष्ठ तेलुगू वाचून देतात, अक्कलकोटकडचे कन्नड. त्यांना घरी कागद पाठवू नका, कार्यालयात चहाला बोलवा. मोडीसाठी राज्याच्या पुराभिलेख संचालनालयाचे प्रशिक्षणवर्ग केलेली मंडळी शोधा.

संस्थेचा परदेशाशी पत्रव्यवहार असेल तर त्याची दुसरी बाजू तिकडे जपलेली असू शकते. सोलापुरात १९ व्या शतकापासून काम केलेल्या अमेरिकन मराठी मिशन या ख्रिस्ती मिशनच्या अमेरिकेतल्या मूळ बोर्डाचे कागद बोस्टनजवळ हार्वर्ड विद्यापीठाच्या हॉटन ग्रंथालयात आहेत. संस्थेच्या कुटुंबातलं कुणी बोस्टनला असेल तर त्यांच्यासाठी हे फार चांगलं काम आहे: इथल्या यादीतल्या तारखा घेऊन तिथे जुळणी करायची.

नावं असलेले कागद

रुग्णांच्या नोंदी, एचआयव्ही तपासणी, दत्तक, अनाथ मुलं, कौटुंबिक हिंसाचाराच्या तक्रारी. अशी फाईल उघडल्याबरोबर ओळखू आली की पुढे वाचायचं नाही. यादीत "व्यक्तिगत प्रकरणं, अमुक वर्षं, इतकी सेंमी" एवढंच, नावं नाहीत. फोल्डर बंद करून सही-तारखेचा कागद चिकटवा आणि वेगळ्या कुलपात ठेवा. बालन्याय कायद्याचं कलम ७४ मुलांची ओळख उघड करायला मनाई करतं, एचआयव्हीबाबत २०१७ चा कायदा गुप्तता बंधनकारक करतो. सोलापूर अजूनही असं शहर आहे की आडनाव आणि पेठ कळली की माणूस कळतो. स्वयंसेवकाला ओळखीचं नाव दिसलं तर त्याने ती फाईल लगेच दुसऱ्या जोडीकडे द्यावी.

काय, किती वर्षं

कायमचं: न्यासपत्र किंवा घटना-नियमावली, नोंदणी प्रमाणपत्रं, परिशिष्ट १ चे उतारे, बदल अर्ज व त्यांवरचे आदेश, प्रोसिडिंग बुक, सभासद नोंदवही, लेखापरीक्षण अहवाल, आयकर नोंदणीचे आदेश, मिळकतीचे कागद, कर्मचाऱ्यांची सेवापुस्तकं, बारनिशी. व्हाउचर, पावतीपुस्तकांच्या स्थळप्रती आणि बँक पासबुकं यांना १९६२ च्या आयकर नियमांतल्या नियम १७अअ प्रमाणे संबंधित करनिर्धारण वर्षाच्या अखेरीपासून १० वर्षांची मुदत येते. ज्या वर्षाचा वाद किंवा फेरतपासणी चालू आहे ते वर्ष मोजायचंच नाही. सध्याचा नियम संस्थेच्या सीएकडून लेखी घ्या. परदेशी देणगीचे कागद ही वेगळी मालिका, ती इतर हिशेबात मिसळू नका.

नष्ट करता येण्यासारखं खरं तर थोडंच असतं: कोरे फॉर्म, एकाच परिपत्रकाच्या जादा प्रती, जुन्या डायऱ्या-कॅलेंडरं, मुदत संपलेली व्हाउचर. त्यांची यादी करा, मंडळाचा दुसरा ठराव घ्या, श्रेडरमधून काढा आणि नष्ट नोंदवहीत दोघांच्या सह्या घ्या. देणगीदारांची नावं आणि आधारच्या झेरॉक्स असलेला कागद अखंड रद्दीत गेला तर तो भज्यांच्या पुडीतून परत येतो. जुन्या कोऱ्या चेकबुकांवर रेघा मारून ती खजिनदाराच्या ताब्यात द्या.

फॅक्सचे आणि थर्मल प्रिंटरचे गुळगुळीत कागद दिसले की त्याच दिवशी झेरॉक्स काढा, ते दर उन्हाळ्यात फिके होत जातात.

बांधणी, स्कॅन, ताबा

यादीतल्या क्रमानेच फोल्डर भरा. खोका गच्च भरू नका, फोल्डर काढताना दोन बोटं आत गेली पाहिजेत. आणि अर्धा रिकामाही नको, कागद वाकतात. नाडी चौकोनी बांधा, गाठ कडेला घ्या. लेबलावर खोका क्रमांक, यादीतले पहिला-शेवटचा क्रमांक आणि वर्षं एवढंच. विषय लिहिला की लोक यादी न पाहता खोके उपसतात. रॅक जमिनीपासून १५ सेंमी वर, भिंतीपासून ८ सेंमी दूर, गच्चीच्या टाकीखाली किंवा मोरीच्या भिंतीला लागून नको.

स्कॅनिंग सगळ्यांचं करू नका. प्रोसिडिंग बुक, मिळकत, जनरल रजिस्टर आणि परिशिष्ट यांचं ३०० डीपीआयने, रंगीत करा. फाईलचं नाव म्हणजे यादीतला क्रमांक आणि पान क्रमांक. तीन प्रती ठेवा, दोन वेगवेगळ्या साधनांवर, त्यांतली एक इमारतीबाहेर, विश्वस्तांपैकी एकाच्या लॉकरमध्ये. स्वयंसेवकांच्या फोनमधले फोटो शेवटच्या रविवारी सर्वांसमोर पुसा.

ताबा देताना यादीच्या दोन छापील प्रती करा, प्रत्येक पानावर सचिव आणि स्वयंसेवक प्रमुखाची सही. खोलीच्या किल्ल्या दोघांकडे. रॅकला एक मागणी वही दोरीने बांधा: तारीख, खोका, फोल्डर, कुणी नेलं, कशासाठी, कधी परत. फोल्डर बाहेर गेलं की त्याच्या जागी लाल पुठ्ठा. पुढच्या जून महिन्यात, पहिल्या मोठ्या पावसानंतर दोघांनी येऊन भिंती पाहाव्यात, आणि मागणी वहीत परत न आलेलं काय आहे ते तपासून सचिवांना लेखी कळवावं.